पाचव्या ओळीवर गेलेली शाळा

मित्रांनो, मी फणसाच्या लाकडाचा एक जुना फळा आहे. मला नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. माझ्यावर दुसरेच लिहीत आले. मी स्वतः कधी काही बोललो नाही.

बाबू सुताराने मला वाडीच्या शाळेसाठी घडवले. मुलांनी जुन्या सेलमधला कोळसा कुटून, पाल्याच्या रसात खलून मला काळे केले. पुढे चाळीस वर्षे मी बाराखडी अंगावर वागवली. साहेब तपासणीला आले की म्हणत, "फळा छान आहे हो!" मग हळूहळू घरे मुंबईला गेली. मुले चार उरली. माझा रंग उडाला, तो कुणी पुन्हा दिला नाही.

बऱ्याच वर्षांनी जिल्हा परिषदेची निवडणूक लागली. अध्यक्षपद यंदा बाईकडे जाणार होते. दीपाली उभी राहिली. ती लग्न करून हातखंब्याला दिलेली, पण मूळची याच शाळेतली. एका रविवारी वाडी वर्गात जमली. दीपालीने खडू घेतला आणि म्हणाली, "अध्यक्ष झाले तर आधी काय करीन, ते लिहूनच देते." पहिल्या ओळीवर तिने लिहिले : 'शाळा चालू ठेवणे.' शाळा बंद होणार, अशी कुणकुण होतीच. त्या ओळीखाली ओढ्यावरचा साकव, म्हणजे छोटा पूल, मग पाणी, रस्ता.

गोदाआजीची नात दर्शना तिसरीत जाणार होती. आजी पदराने डोळे पुसत म्हणाली, "ब्येस लिवलंस, बाय."

तेवढ्यात वाडीचे प्रमुख, गावकर धोंडू, यांचा फोन वाजला. मुंबईला गेलेल्या वाडीकरांच्या मंडळाचा राजेंद्र बोलत होता. आमच्याकडे मत कुणाला, हे मंडळ ठरवते. सगळ्यांना ऐकू यावे म्हणून धोंडूंनी फोनचा आवाज मोठा केला.

"ताई, दीडशे मतं एकगठ्ठा तुमची. पण देवळाचा सभामंडप पहिला पाहिजे."

"मुंबईकर म्हनतील तसं," धोंडू म्हणाले.

"त्या मंडपात बसनार कोन?" गोदाआजी उसळली. "शिमग्याला चार दिस तुमी, मंग वर्सभर कुत्री!"

सगळे हसले. दीपालीने फडका उचलला. पहिली ओळ पुसली, तिथे सभामंडप लिहिला आणि शाळा अगदी तळाशी नेली.

"काकी, यादीत आहे ना शाळा? पाचवी असली म्हणून काय झालं?" ती गोदाआजीला म्हणाली.

"पाचव्या पंगतीला बसलंस कदी? टोप खरवडल्याचा आवाज तेवडा येतो."

मला फडका लागला. दुसरे काही वाटले नाही. वाटायला हवे होते का, कळत नाही.

दीपाली निवडून आली, अध्यक्ष झाली. मेअखेर मंडप उभा राहिला. जूनमध्ये पट कमी म्हणून शाळा बंद करण्याचा कागद आला. मुलांची नावे ओढ्यापलीकडच्या शाळेत घातली. बाके कुणी कुठे नेली ठाऊक नाही. मला मंडपात आणून टांगले. आता माझ्यावर भजनाच्या पाळ्या लिहितात. रंगही नवा दिला आहे.

गणपतीआधीच्या रविवारी दीपाली मंडपाच्या उद्घाटनाला आली. नारळ फुटला. खाली उतरताना तिने दर्शनाच्या गालाला हात लावला.

"काल काय शिकवलं गं शाळेत?"

"काल गेले नाही. ओढ्याला पाणी होतं."

"आणि परवा?"

"परवापण होतं."

दीपालीने तिच्या गालावरचा हात काढून घेतला. धोंडूंनी दीपालीच्या हातात प्रसाद ठेवला, तशी ती गाडीकडे गेली.

मित्रांनो, माझी काळजी करू नका. मला रोज पुसतात. पण तुमच्या गावातली मोठी माणसे कामांची यादी करायला बसतील, तेव्हा तुम्हीही जवळ जाऊन बसा. वर्गात यादी झाली त्या दिवशी दर्शना दारातच उभी होती. तिला कुणी विचारले नाही, आणि तीही काही बोलली नाही. तुम्ही तेवढे बोला. फडका फिरण्याच्या आधी बोला.