न झाडलेली गल्ली

बोरीच्या शाळेत व्यंकटराव गुरुजी सहावीच्या पोरांना एक कादंबरी वाचून दाखवत. दर शनिवारी, शाळा सुटायच्या आधी एक प्रकरण. महायुद्धाची गोष्ट म्हटल्यावर पोरं तोफा-विमानांच्या आशेनं पुढं सरकून बसली, आणि तिथं बघावं तर काय, साहेबलोक खोलीत बसून शत्रूच्या गुप्त तारा उलगडायलेत!

"गुरुजी, लढाई कवा हाय?" चंद्रभान दर शनिवारी विचारायचा.

शेवटाला मात्र सगळा वर्ग जागा झाला. शत्रू एका बंदराच्या गावावर बॉम्ब टाकणार, हे साहेबाला तारेतून कळतं. गावाला सावध करावं, तर आपली गुप्त लिपी फुटली हे शत्रूला समजणार आणि तो ती बदलणार. साहेब गप बसतो. गाव जळतं.

"आता आपापलं मत सांगा," पुस्तक मिटून गुरुजी म्हणाले.

मत सांगायला मुंजाजीसारखा बहाद्दर दुसरा नव्हता. जवळच्या वाडीतल्या खात्यापित्या कास्तकाराचं पोरगं ते. तोंड एकदा सुरू झालं की थांबायचं नाव नाही, आणि बोललेला शब्द त्यानं जन्मात कधी मागं घेतला नव्हता.

"साहेब कसाई हाय," तो म्हणाला. "माहीत असून लोकाला मरू दिलं!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात मागून बानू उठली. त्याच वाडीतल्या मेंढरंवाल्या भिवराबाईची ही पोर, वर्गात सहसा तोंड उघडायची नाही.

"साहेबाचं बरोबर हाय," ती म्हणाली. "सांगितलं असतं तर सांगणारा मेला असता."

"हिला बाप असता तर अशी बोलली नसती!" मुंजाजी बोलून गेला.

पोरं फिदीफिदी हसली. गुरुजींनी त्याचा कान पिळला, पण सुटलेला शब्द काय कानातून परत येतो? बानू खाली बसली. तिचा बाप निजामाच्या रझाकारांच्या साली गेला, एवढंच मुंजाजीला ठाऊक होतं.

घरी जेवताना त्यानं ही फुशारकी आईला ऐकवली. धुरपताबाई भाकर उलटायची विसरली.

"मुडद्या, कुणाला बोललास रे हे!" ती म्हणाली. "तिचा बाप मल्हारी रझाकारांच्या तळापाशी मेंढरं चारायचा, ते कवा निघाले हे त्याला आधी दिसायचं. तवा तू माझ्या कडेवर होतास. वाडीची अन् त्याची खूण ठरली होती. त्यानं भर दुपारी मेंढरं गल्लीतून हाकली, की समद्यांनी पळायचं. एक दिस हाकली. आमी चुलीवरचं तसंच टाकून ज्वारीत शिरलो. ते आले तर वाडी मोकळी! मग त्यांना गल्लीत ताज्या लेंड्या दिसल्या. भर दुपारी मेंढरं गावात कशाला आली, हे कळायला काय पंडित लागतो? सांजेला मल्हारीला गाठलं त्यांनी. तिथंच मारलं."

"मला कुणी सांगितलं काऊन न्हाई?"

"सांगायला तोंड हाय का आमाला?" आईनं डोळ्याला पदर लावला.

भाकर करपली ती करपलीच. मुंजाजी ताटावरून उठला. लाज वाटली त्याला, लय लाज वाटली. आठवडाभर बानू समोरून आली की तो रस्ता बदलायचा.

शनिवारी मात्र गुरुजींनी नवं पुस्तक उघडायच्या आधीच तो उभा राहिला.

"गुरुजी, साहेबानं सांगायलाच पायजे होतं, हे माझं मत बदललं न्हाई," तो म्हणाला. "आमच्या वाडीला कुणी सांगितलं नसतं तर मी आज हितं नसतो. पण बानूच्या बापाचं जे काढलं, ते मी मागं घेतो. सांगणारा तिचाच बाप होता." मग म्हणाला, "समदी वाडी पळाली. पळायच्या आधी एकानं तरी गल्ली झाडायची होती. लेंड्या दिसल्या नसत्या. माझ्या आईनं बी न्हाई झाडली."

त्याला रडू आलं, भर वर्गात. आज कुणी हसलं नाही, चंद्रभानसुद्धा नाही.

बानू उठली. डोळे तिचेही भरले होते, पण आवाज रोजचाच होता.

"येडा हाईस का?" ती म्हणाली. "झाडत बसली असती तर तुझी माय मेली असती अन् तू बी. मग माझ्या बापानं मेंढरं हाकली कशापायी?"