आम्हाला झोप नाही

ईशाला अठरा पूर्ण व्हायला अकरा दिवस होते, आणि तपासणीच्या खोलीत तिची आई वैजयंती "आम्ही" म्हणाली की खोली खाटभर लांब होत होती. लांबायची ती आईच्या खुर्चीपुढे. ईशा आणि डॉक्टर हर्डीकर मॅडम टेबलाशी जागच्या जागी.

"आम्हाला महिनाभर झोप नाही," वैजयंती म्हणाली. खाटभर. "आम्हाला मिक्सरचा आवाज सोसत नाही." आणखी खाटभर. तिला त्यात वावगं वाटेना. आम्हाला दात आले, आम्ही पालथे पडलो, सगळ्याच आया असं बोलतात. ईशा सहा वर्षांची होईपर्यंत बोललीच नाही. मग वैजयंतीची तिच्या वतीनं बोलायची सवय तशीच राहिली, इतकंच.

"ताई, झोप नक्की कोणाला नाही?" मॅडमनी विचारलं.

"आम्हाला."

ईशानं हेडफोन कानावरून सरकवले. "आई घोरते," ती म्हणाली. "माहिती चुकीची आहे."

मॅडम हसल्या नाहीत. "अकरा दिवसांनी तिला विचारल्याशिवाय मला तुम्हाला काही सांगता येणार नाही, ताई. सवय आजपासूनच करू. ईशा, आईसमोर बोलायचं की एकटीनं?"

वैजयंती खुर्चीत पुढे सरकली. पोरीला महिनाभर काय खातंय ते आज कळलं नाही, तर पुढे कोण सांगणार? "अहो, तिला नाही जमत सांगायला! आम्ही अठरा वर्षं..."

आता मॅडम बाहुलीएवढ्या दिसत होत्या.

ईशानं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. तिला घाई करायची नसते. मग ती मोठ्यानं म्हणाली, "तीन गोष्टी आहेत. दोन आईला चालतील. तिसरी माझी आहे."

"सांग."

"गोळी घेतली की पाणी लोखंडासारखं लागतं. आणि जिन्यातला दिवा रात्रभर गुणगुणतो. तो बदला."

शब्द एवढ्या लांबवर स्वच्छ आले. वैजयंती त्या दिव्याखालून रोज चार वेळा जात होती. काय नेमकं बोलली कार्टी! एक अक्षर जास्त नाही, एक कमी नाही. तिचा ऊर भरून आला. वाहवा, आम्ही... शब्द तिनं दातांत धरला.

"मी ऐकलं," ती म्हणाली. खोली हलली नाही. मागेही आली नाही.

"आता तिसरी," मॅडम म्हणाल्या.

ईशानं आवाज खाली आणला. वैजयंतीनं खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. मागून काहीच ऐकू येत नव्हतं. तेवढ्यात तिचे स्वतःचे ओठ हलायला लागले, ईशाच्या ओठांबरोबर, तिच्याच संथ चालीनं. तिनं तळहात तोंडावर दाबला. ओठ थांबेनात, आणि तळहाताला तिसऱ्या गोष्टीचं एकेक अक्षर कळत होतं.