कळशीतला न्याय

महिपत महाराजांनी काठी वर उचलली आणि तिच्यासोबत तांदळाने भरलेली पितळी कळशीही वर आली. ना गाठ, ना आकडा. देवळासमोरच्या मांडवात दाटलेल्या माणसांनी हात जोडले.

"ह्या कळशीतल्या माझ्या आईला वकील लागत नाही, साक्षीदार लागत नाही," महाराज म्हणाले. "ती माणसाच्या पोटातलं ओळखते. खऱ्यासाठी उठते, खोट्यासाठी बसून राहते."

अलोऱ्याच्या पुढे, डोंगराच्या कुशीतल्या या वाडीत महाराज शिमगा झाल्यावर आले आणि मुक्काम ठोकून राहिले. कुणाची वस्तू हरवली, कुणाचं वासरू दगावलं, की मंगळवारी संशयिताला कळशीपुढे उभं करायचं. गंमत अशी, की ज्याच्याबद्दल आधीच कुजबुज असे, त्याच्याच हातची काठी रिकामी निघे.

नम्रता मागे खांबाला टेकून बघत होती. ती वाडीची सून, हायस्कुलात विज्ञान शिकवायची. कळशीपेक्षा तिला माणसांची काळजी वाटू लागली होती. दिवसभर उघड्या असणाऱ्या दारांना कड्या लागल्या होत्या. देव दोष हुडकणारा मिळाला, तशी भक्तमंडळीही एकमेकांचे दोष हुडकत फिरू लागली होती.

त्या मंगळवारी पाळी आली सखूकाकीची. ही नम्रताची चुलत सासू, विधवा, एकटी राहणारी. शेजारच्या ज्ञानेश्वरीच्या मुलीचा ताप उतरत नव्हता.

"हिनं पोरीला घावन दिलान," ज्ञानेश्वरी म्हणाली, "आन् त्याच सांजेला ताप भरला. काकीनंच कायतरी केलान."

"नव्या माणसाला नवे तांदूळ," म्हणत महाराजांनी कळशी रिकामी करून पुन्हा भरली. सखूकाकीने काठी खुपसली, वर उचलली. काठी मोकळीच आली. काकीचा चेहरा पांढरा पडला. दुसऱ्या दिवसापासून विहिरीवर तिचा हंडा कुणी टेकू देईना.

नम्रता ज्ञानेश्वरीशी भांडून मुलीला चिपळूणला घेऊन गेली. रक्त तपासलं, टायफॉइड निघाला. औषधाने ताप उतरला, पण ज्ञानेश्वरी म्हणाली, "काकीला आईनं अडवलान, म्हणून उतरला."

मग मुंबईहून नवऱ्याचा, संदेशचा, फोन आला. "तू काकीला पाणी भरून देतेस म्हणे. लोक तुझ्याबद्दलपण बोलतायत. एकदा कळशीपुढे जाऊन ये ना."

"तुला माझा संशय येतो?"

"तसं नाही गं. पण कळशी उचलली गेली तर बरंच ना."

ते 'पण' नम्रताला लागलं. तिने तांब्यात तांदूळ ओतले आणि रवीची दांडी खुपसून उचलली. दांडी मोकळी आली. मग तिला आठवलं, खुद्द महाराज उचलायच्या आधी मंत्राच्या प्रत्येक शब्दागणिक कळशी जमिनीवर आपटत आणि काठी पुन्हा पुन्हा खुपसत. तिने तसंच केलं. दाणे खाली बसले, एकमेकांत अडकले, त्यांनी दांडी घट्ट धरली. तांब्या वर आला.

पुढच्या मंगळवारी ती आपणहून पुढे झाली. "कळशी तुमची, तांदूळ तुमचे, काठी तुमची. मंत्र तेवढा माझा."

"बे एके बे," ती म्हणाली, कळशी आपटली, काठी खुपसली. "बे दुणे चार." मागे कुणीतरी हसलं. पाढा संपला तेव्हा कळशी काठीला लटकत होती. मग तिने तांदूळ ओतून पुन्हा भरले आणि सखूकाकीकडून तसंच करून घेतलं. काकीच्या हातूनही कळशी उचलली गेली.

"दाबून बसलेले दाणे काठी धरून ठेवतात, मोकळे दाणे धरत नाहीत. ह्यात खरं-खोटं काही नाही," नम्रता म्हणाली. "महाराज, आता मी तांदूळ नुसते ओतते. तुम्ही एकदाच खुपसा."

"आई कोपली आहे," महाराज पुटपुटले आणि झोळी आवरू लागले.

"बांधा मेल्याला," ज्ञानेश्वरीचा नवरा काशीराम उठला. त्याच्यामागे सगळा मांडव उठला. काल पाया पडणारे हात आज महाराजांच्या मानेपर्यंत पोचले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, सखूकाकीचा पडला होता तसाच.

नम्रता मध्ये उभी राहिली. "भावोजी, हात खाली घ्या. कळशीनं सांगितलं म्हणून काकीला टाकलंत. आता मी सांगितलं म्हणून ह्याला मारणार? त्यासाठी कायदा आहे, पोलिसांना मी आधीच बोलावलंय. देव कुठला मानायचा ते तुमचं तुम्ही ठरवा. पण त्याच्यापुढून उठल्यावर आपण शेजाऱ्याशी कसे वागतो, तेवढं बघा. आणि हात जोडायच्या आधी विचारा, हे होतं कसं?"

काशीरामने हात खाली घेतला. पोलीस महाराजांना घेऊन गेले. ज्ञानेश्वरी काकीच्या अंगणात जाऊन उभी राहिली, पण काकीने दार उघडलं नाही.

संध्याकाळी संदेशचा फोन आला. "कळलं मला. कळशी उचललीस ना? सुटलो बाबा."

"आणि उचलली गेली नसती तर?" नम्रताने विचारलं.

"आता ते कशाला? उचललीस ना," संदेश म्हणाला. नम्रताने फोन ठेवला आणि काकीचा हंडा भरायला ती विहिरीकडे निघाली.