डावी मूठ वर

चित्रभांडार संगणकावर नीट उभं राहिलं, तर लासिसीच्या पदरात दोन गोष्टी पडणार होत्या : कायम नोकरीचं पत्र आणि थंड हवेची खोली. खोली खरं तर यंत्रांसाठी होती; पण यंत्राच्या पुण्याईने माणूसही गार होतो. उभा जन्म विद्यापीठातल्या कलाविभागाच्या स्लाइड्स रोजंदारीवर पुसलेल्या माणसाला हा सौदा वाईट नव्हता.

विभागात प्रबंध लिहिणारी मोरेनिके आली तेव्हा तो स्कॅनरची काच पुसत होता. तिने गुडघे टेकून नमस्कार केला आणि गरम अकाराची, चवळीच्या वड्यांची, पुडी पुढे सरकवली.

"एवढी वाकलीस म्हणजे काम मोठं दिसतंय."

"बाबा, इजेबू गावच्या त्या पितळी मूर्तीच्या फोटोची मोठी प्रत द्या ना. सोमवारी प्रबंधाची तोंडी परीक्षा आहे."

"तिच्यात काय सोनं लागलंय?"

"ओग्बोनी या जुन्याजाणत्यांच्या गुप्त मंडळाच्या मूर्तींची डावी मूठ उजवीवर असते. हिची एकटीची उजवी वर आहे. अख्खं प्रकरण लिहिलंय मी. विभागप्रमुख सर उद्घाटनाला तीच दाखवणार, भांडाराचा पहिला शोध म्हणून. तुमच्या शिफारशीतही त्यांनी तेच घातलंय."

लासिसीने हातातला अकारा खाली ठेवला. खण उघडून त्याने ती स्लाइड काढली. तिची जुनी चौकट बुरशीने खाल्ली होती. नवी त्यानेच घातली होती, आणि सुलट बाजूची लाल टिकली अंदाजाने लावली होती. त्याने नखाने चौकट उकलली, फिल्म दिव्यासमोर धरली.

"कडेची अक्षरं वाच."

"उलटी आहेत, बाबा."

"आता?" त्याने फिल्म फिरवली.

अक्षरं सुलट झाली. डावी मूठ वर आली.

मोरेनिके स्टुलावर बसली. "हे कुणाला कळणार आहे?"

"परीक्षकांना नाही कळायचं. इजेबूच्या म्हाताऱ्यांना बघताक्षणी कळेल."

"ते कुठे येतायत प्रबंध वाचायला."

"नाही येत."

"तुमचं पत्रही जाईल."

"जाईल. चूक माझी आहे, ते मी सरांना सांगतो. पण प्रकरण तुझं आहे. फिरवू का, तू सांग."

बाहेर कुणीतरी जनरेटर सुरू केला.

"तुमच्यापेक्षा माझा बाप बरा," ती म्हणाली. "तो निदान जेवू घालून मारतो. फिरवा."

त्याने फिल्म सुलट बसवून पुन्हा स्कॅन केली.

उद्घाटन ठरल्या दिवशी झालं. सरांनी मूर्तीऐवजी एका मुखवट्यावर तितकंच सुंदर भाषण केलं; त्यांचं काही गेलं नाही. थंड खोलीत संगणक शिकलेला नवा माणूस बसला. लासिसीचं कायम नोकरीचं पत्र गेलं, प्रकरण नव्याने लिहिण्यात मोरेनिकेचं एक वर्ष गेलं. दोघं मागच्या भिंतीशी उभी होती, आणि इतरांबरोबर टाळ्या वाजवत होती.