गॅलनला नऊ मैल

मित्रांनो, मी एक जुनी, आडव्या हाडाची गाडी आहे. माझ्या जातीला एसयूव्ही म्हणतात. बसायला तीन रांगा, मागे सामानाला एक खोलीभर जागा, आणि टाकी अशी की ती भरेपर्यंत माणसाला स्वतःच्या आयुष्याचा विचार करायला भरपूर वेळ मिळतो. माझ्या मालकाने तो वेळ वाया घालवला. माझी हकिगत थोडक्यात एवढीच आहे.

मालकाचे नाव लेलँड होलुब. गाव नेब्रास्कातले. गारपिटीनंतर मक्याच्या शेतात उभे राहून नुकसान किती टक्के झाले ते सांगायचे, ही विमा कंपनीतली नोकरी त्याने आयुष्यभर केली. निवृत्त झाला, पण मोजायची सवय काही निवृत्त झाली नाही. त्याने मला घेतले ते ट्रेलर ओढण्यासाठी. दुकानातला विक्रेता माझ्या टपावर थाप मारून म्हणाला, "हिच्यामागे घर लावा. हिला कळणारसुद्धा नाही."

मला पहिल्या फर्लांगातच कळले.

कारण ट्रेलर म्हणजे खरोखरच घर होते. चाकांवरचे, पत्र्याचे, आत ओटा, पलंग, न्हाणी. आणि पुढून सपाट भिंत. दर उन्हाळ्यात ते माझ्या मागच्या लोखंडी गोळ्यावर अडकवून आम्ही वायोमिंगमधल्या एका तळ्यावर जात असू. आमच्या मुलखात वारा पश्चिमेकडून येतो आणि त्याला वाटेत अडवायला काही नाही. आम्ही पश्चिमेला जायचो, तेही ताशी पंचाहत्तर मैलांनी. ती भिंत वाऱ्यात घुसवत न्यायची हे माझे काम. माझे पेट्रोल तिथे जाई. पण वारा डोळ्यांना दिसत नाही, आणि सामान दिसते.

सामान बहुतेक आर्लिसचे असे. आर्लिस म्हणजे लेलँडची बायको. बिडाचा जड तवा, काकडीच्या लोणच्याच्या बरण्या, पाहुण्यांसाठी घडीच्या खुर्च्या, आणि तिच्या वडिलांचे अकॉर्डियन. संध्याकाळी ती तळ्याकाठी बसून ते वाजवायला लागली की आजूबाजूच्या ट्रेलरांतून माणसे बाहेर येत. पोल्का सुरू होई. लेलँडसुद्धा नाचायचा. त्याला नाच येत नव्हता, पण ते त्याला कुणी सांगितले नव्हते. ते उन्हाळे फार चांगले होते. माझ्या पायऱ्यांवर लहान मुले बसत, आणि "काय दणकट गाडी आहे" असे लोक म्हणत. मलाही ते ऐकायला आवडत असे.

मग शेजारच्या जागेवर मर्ल नावाचा गृहस्थ येऊ लागला. त्याच्याकडे पिकअप होती आणि माझ्यामागच्याइतकाच मोठा ट्रेलर. तळ्यावर एक रीत आहे. माणूस पोचला की त्याने ट्रेलर सोडवायच्या आत दुसऱ्याने हात खिशात घालून जवळ यायचे आणि विचारायचे.

"काय लेलँड, ओढताना ॲव्हरेज किती पडलं?"

"नऊ," लेलँड म्हणाला. तो खोटे बोलत नसे.

"नऊ?" मर्लने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी आजारी आहे. "मला बारा पडलं बुवा."

मित्रांनो, त्या दिवसापासून आमच्या घरात बारा हा आकडा राहायला आला.

लेलँडने उपाय सुरू केले. आधी स्वतःची हत्यारांची पेटी माझ्यातून उतरवली. आकडा नऊच. मग एसी बंद केला आणि काचा उघड्या टाकल्या. वारा आत शिरून मला आणखी जड झाले. आर्लिसचे केस विस्कटले. तिने रुमाल बांधला आणि म्हणाली, "लेलँड, जरा हळू चालव ना. पंचावन्नने गेलास तर बिघडतं काय?"

"पंचावन्नने जायला हा काय ट्रॅक्टर आहे? आपण पोचेपर्यंत मर्ल झाडाखालची जागा घेईल."

"घेऊ दे की. तोही माणूसच आहे, त्यालाही सावली लागते."

लेलँडने वेग कमी केला नाही. त्याने सामान कमी केले. पुढच्या उन्हाळ्यात पाहुण्यांच्या खुर्च्या घरी राहिल्या, आणि खुर्च्या नाहीत म्हणून पाहुणे कमी झाले. मग बरण्या. मग तवा. बिडाच्या तव्यावर भाजलेल्या माशांऐवजी दोघे कागदाच्या ताटलीत सँडविच खाऊ लागले. मी प्रत्येक वेळी काचेखालच्या चौकटीत खरा आकडा दाखवत राहिले. नऊ. मला बोलायला तेवढीच एक जागा होती, आणि तिथे कारण लिहिता येत नव्हते.

एका वर्षी तो अकॉर्डियनची पेटी हातात घेऊन अंगणात उभा राहिला. "हे या वेळी राहू दे का?"

"बाबांनी हे ओमाहाहून पाठीवर आणलं होतं," आर्लिस म्हणाली. "तुझ्या गाडीला जड होतंय?"

"एका वर्षापुरतं गं. फक्त बघू या."

पेटी घरी राहिली. त्या वर्षी तळ्याकाठी संध्याकाळ लवकर संपली. आकडा नऊ.

पुढच्या उन्हाळ्यात निघताना लेलँडने मला गावातल्या धान्याच्या काट्यावर नेले. मक्याचे ट्रक मोजायचा तो मोठा काटा. आमच्याकडे ट्रेलरवाले लोकही त्यावर वजन करून घेतात. काट्यावरच्या डेलने खिडकीतून वजन ओरडून सांगितले. लेलँडने कपाळाला आठ्या घातल्या. मग शेजारी वळून म्हणाला, "आर्लिस, जरा उतरतेस का? एक मिनिट."

"कशाला?"

"तुझ्याशिवाय किती होतं ते कळेल."

आर्लिसने पर्स घेतली आणि उतरली. काट्याच्या बाहेर धुळीत उभी राहिली. डेलने नवा आकडा सांगितला आणि वर म्हणाला, "लेलँड, बाईसाहेब उतरल्या म्हणून मक्याचा भाव वाढवून मिळत नाही बरं का."

लेलँड हसला. आर्लिसही थोडी हसली. तिने माझ्या उघड्या काचेत हात ठेवला. मला तिच्या अंगठीचा थंडपणा जाणवला.

"मग? मी नसले तर बारा पडेल?"

"तसं नाही गं. मी नुसतं बघतोय."

"बघ. नीट बघ."

आणि ती घराच्या दिशेने चालू लागली. लेलँडला वाटले, काही विसरले असेल, आणायला गेली. तो बराच वेळ थांबला. मागे धान्याचे ट्रक हॉर्न वाजवू लागले तेव्हा त्याने फोन लावला.

"तू जा," ती म्हणाली. "मला चर्चसाठी कोलाचीचे गोड पाव भाजायचे आहेत. डबे मोठे लागतात, गाडीला जड होतील."

तो माणूस हट्टी होता. तो गेला. झाडाखालची जागाही त्याला मिळाली. वाटेत वारा तोंडावर होता, आकडा नऊ होता.

मर्ल खिशात हात घालून आला. या वेळी त्याने ॲव्हरेज विचारले नाही. "आर्लिस कुठंय? आणि तो बाजा? गेल्या वर्षीही आणला नव्हता. बायको म्हणते, बाजा नसेल तर पुढच्या वर्षी दुसरीकडे जाऊ."

"वजन कमी करत होतो," लेलँड म्हणाला. "तुझ्यासारखे बारा पडावेत म्हणून."

मर्लने खिशातले हात बाहेर काढले. "अरे बाबा, बारा म्हणायचं असतं. माझे वडीलसुद्धा बाराच म्हणायचे. मोजतंय कोण?"

लेलँड दुसऱ्याच दिवशी परत निघाला. पूर्वेकडे. वारा पाठीशी होता, घरी पोचायला त्याला कसलीच शर्यत नव्हती, आणि तो पहिल्यांदाच हळू चालवत होता. गावाच्या अलीकडे माझ्या चौकटीत आकडा बदलला. बारा. त्याने तो पाहिला, आणि शेजारच्या सीटकडे वळून म्हणाला, "आर्लिस, हे बघ."

रिकाम्या सीटवर पट्टा लोंबत होता. मित्रांनो, मला हात असता तर मी तो आकडा पुसून टाकला असता.

घरी गेल्यावर त्याने तिला ते सांगितले. ओट्यावरचे पीठ पुसत ती म्हणाली, "वारा मागून असेल." बस, एवढेच.

पुढच्या जूनमध्ये त्याने सगळे स्वतःच्या हाताने भरले. खुर्च्या, बरण्या, तवा. सर्वांत शेवटी अकॉर्डियनची पेटी माझ्या मागच्या जागेत अलगद ठेवली आणि अंगणात टोपी हातात घेऊन उभा राहिला. आर्लिस बाहेर आली. तिने पेटी उघडली, पट्टे खांद्यावर चढवले, भाता ओढला, आणि अर्ध्यातच थांबली.

"माझ्या खांद्याला आता हे पेलत नाही, लेलँड."

"तुझा खांदा दुखतो?"

"वर्ष झालं. तू तळ्यावर होतास."

ती सावकाश पट्टे सोडवत होती. लेलँडने पुढे होऊन मदत केली. त्या वर्षी आम्ही गेलो नाही. त्यानंतर ट्रेलर कुणीतरी विकत घेऊन ओढून नेला, आणि माझ्या मागच्या गोळ्यावर गंज चढला. आता मी दुकानापर्यंत जाते आणि परत येते. कधी आर्लिस शेजारी बसते, कधी नाही. ती बसते तेव्हा लेलँड इतका हळू चालवतो की मागची पोरे हॉर्न वाजवतात.

मित्रांनो, तुम्हीही मोठे झालात की गाड्या घ्याल, आणि लोक तुम्हाला ॲव्हरेज विचारतील. खुशाल सांगा. पण आकडा कमी भरला तर आधी वाऱ्याकडे बघा, मग स्वतःच्या पायाखालच्या पेडलकडे. शेजारच्या माणसाला उतरायला सांगू नका. माणूस गाडीला जड होत नाही. हे मी ओढून पाहिले आहे.

अकॉर्डियनची पेटी अजून माझ्या मागच्या जागेतच आहे. लेलँडने ती काढली नाही आणि आर्लिसने मागितली नाही. रस्त्यात खड्डा आला की आतून एक अर्धवट सूर निघतो. दोघेही समोर बघत राहतात. पेटी असली काय, नसली काय, माझ्या आकड्यात काहीही फरक पडलेला नाही.