तिसऱ्या वाटीतल्या पेशी

"थांबा सर, आधी मी बघते."

सर सूक्ष्मदर्शकापासून बाजूला झाले. "बघा बाई. पण देवाचं नाव घेतल्यानं पेशी बदलत नाहीत हं!"

"पेशींसाठी कुठं घेतेय? माझ्या धीरासाठी घेतेय."

बाईंचं उभं आयुष्य या प्रयोगशाळेत गेलं. एका औषधी मुळीतली साखर रक्तातल्या पहारेकरी पेशींना वयात आणते, असं त्यांना दिसलं होतं. गोल, सुस्त पेशी मुळीच्या अर्कात पडल्या की हातपाय फुटल्यागत पसरत, लढायला सज्ज होत. हे त्यांनी कौतुकानं घरी सांगितलं आणि तिथंच घात झाला. आजारी दादांनी इस्पितळातली इंजेक्शनं सोडून मुळीचा काढा धरला. "सख्खी बहीण शास्त्रज्ञ असताना परक्याची सुई कशाला?" बाई रागावल्या, पण मनातून सुखावल्याही.

मग शंकेनं पोखरायला सुरुवात केली. मुळी मातीतली. उकळल्यावर जंतू मरतात, त्यांचं विष मात्र उरतं, आणि त्या विषानंही पेशी अशाच जाग्या होतात. म्हणून आज तीन वाट्या. पहिलीत नुसत्या पेशी, दुसरीत अर्क घातलेल्या, तिसरीत अर्काबरोबर ते विष बांधून ठेवणारं औषध. तिसरीतल्या पेशीही पसरल्या असतील, तरच मुळी खरी.

पहिलीतल्या गोल. दुसरीतल्या पसरलेल्या. बाईंनी तिसरी भिंगाखाली सरकवली.

गोल. पार कडेपर्यंत गोल.

सरांनीही पाहिलं. "औषधानंच दबल्या असतील. पुन्हा करू, मग बोला कुणाशी."

"पुन्हा करूच. पण दादांचा आजार तोवर थांबेल का, सर?"

त्यांनी बाहेर येऊन फोन लावला. "दादा, काढा ओतून टाक."

"का गं? आंबला की काय?"

"माझं चुकलं. पेशी जाग्या झाल्या त्या मुळीवरच्या जंतूंच्या घाणीनं. मुळीचं काम नव्हतं ते."

"अख्ख्या गल्लीला सांगत सुटलोय मी. तुझं नाव घेऊन."

"मी सांगते सगळ्यांना."

"राहू दे. तू सकाळी ये माझ्याबरोबर. आणि मी सुईला भितो, हे तेवढं गल्लीत सांगू नकोस."

सकाळी इस्पितळात दादांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. बाईंनी त्यांची बाही वर सारली. वाळलेल्या दंडावरून ती कुठंच न अडता खांद्यापर्यंत गेली. बाईंनी ती तिथंच धरून ठेवली.