अधूनमधून मुका होणारा रेडिओ

हवाई दलात बावीस वर्षं रेडिओ दुरुस्त करून सिद्धलिंगमामा तामलवाडीला परत आले, तेव्हा आता फक्त बाग बघायची असं त्यांनी ठरवलं होतं. पण गावाजवळच्या माळावरच्या खाजगी धावपट्टीवर शरणबसप्पांचं विमान येऊन उभं राहिलं आणि त्याच्या रेडिओची देखभाल मामांच्या गळ्यात पडली. शरणबसप्पा नळदुर्गचे. हायवेवर त्यांचे तीन ढाबे आणि चाळीस ट्रक. चार माणसांचं ते जुनं विमान त्यांची मुलगी महेश्वरी उडवायची.

मार्चपासून त्या रेडिओनं मामांचा पिच्छा पुरवला होता. हवेत महेश्वरीचं बोलणं मध्येच तुटायचं. जमिनीवर आला की तोच संच पोपटासारखा बोलायचा. मामांनी तो तीनदा बाहेर काढला, पिना पुसल्या, एरियलची वायर बदलली. बिघाड काही सापडेना.

"अप्पा, पार बंद पडलेला रेडिओ परवडला," ते शरणबसप्पांना म्हणाले. "ह्यो अधूनमधून मुका होतोय. कवा होईल सांगता येत न्हाय. नवा बसवा."

"केवढ्याला?"

"आठ लाख. बसवायची मजुरी निराळी."

"अन् दुरुस्ती?"

"बेंगळुरूला धाडावा लागंल. दोन महिने, दीड-दोन लाख. अन् तिथं टेबलावर नीट चालला, तर तसाच परत येणार."

शरणबसप्पा हसले. "म्हंजे रोग दिसत न्हाय, पर इलाज आठ लाखाचा! पावसाळ्यात बघू. आज तपासला तवा चालला ना? मग तसं लिवा."

खोटं काहीच नव्हतं. मामांनी नोंदवहीत 'तपासला, चालू आहे' असं लिहून सही केली. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

मे महिन्यातल्या एका दुपारी महेश्वरी कलबुर्गीहून एकटीच परत येत होती. धुरळ्यानं आभाळ मळकट झालं होतं. त्याच वेळी माळावरच्याच वैमानिक शाळेतली सृष्टी शाळेचं विमान घेऊन धावपट्टीभोवती फेऱ्या मारत होती. एकटीनं उडायची तिची ही दुसरीच खेप. या माळावर टॉवर नाही. कोण कुठं आहे, ते वैमानिकांनीच एकमेकांना रेडिओवर सांगायचं. मामा शेडच्या दारात हातातला रेडिओ कानाशी धरून उभे होते.

"उतरायला वळतेय," सृष्टी म्हणाली. आवाज स्वच्छ. महेश्वरीचा मात्र शब्द नाही. अजून लांब असेल, असं म्हणत मामांनी वर पाहिलं.

दोन्ही विमानं एकाच रेषेत खाली येत होती, एकावर एक. खाली सृष्टी, वर महेश्वरी. सृष्टीच्या विमानाचे पंख तिच्या डोक्यावर, महेश्वरीच्या विमानाचे तिच्या पायाखाली. खालचीला वरचं दिसत नव्हतं, वरचीला खालचं. आणि मधलं अंतर घटत चाललं होतं.

सृष्टीला 'वर जा' म्हणावं, तर ती थेट दुसरीच्या पोटात घुसली असती. मामांच्या लक्षात आलं, महेश्वरीचा आवाज जात नसला, तरी तिला ऐकू येत असणार. त्यांनी बटण दाबलं.

"महेश्वरी, तुझा आवाज येत न्हाय. उत्तर देऊ नको. उजवीकडं वळ, वर जा. आत्ता!"

एक क्षण काहीच झालं नाही. मग वरच्या विमानाचा उजवा पंख कलला आणि ते चढत माळापलीकडं निघून गेलं. सृष्टी टेकली.

महेश्वरी उतरली ती थेट शेडकडं आली. "मामा, मी तिला म्हणाले होते, मी पुढं आहे, तू एक फेरी मारून ये. माझा आवाज हेडफोनमधून माझ्या कानात येत होता. मला वाटलं, ती फेरीला गेली."

मामांनी संच तापलेला असतानाच उघडला. भिंगाखाली एका सांध्यावर केसाएवढी चीर दिसली. ऊन लागून संच तापला की फाकायची, शेडमध्ये थंड झाला की मिटायची.

"सापडला ना?" शरणबसप्पा फोनवर म्हणाले. "द्या कथलाचा डाग, झालं."

"इतक्या जुन्या संचात एक चीर दिसली, अप्पा. न दिसलेल्या किती असतील? पोरीचा जीव हाय." मामांनी लाल शाईनं वहीत लिहिलं, 'उड्डाणास अयोग्य.' आणि विमान खात्यालाही पत्र धाडलं.

चौथ्या दिवशी शेडमध्ये शरणबसप्पांनी बोलावलेला परका मेकॅनिक आला. त्यानं डाग दिला, तपासला, 'चालू आहे' म्हणून वहीत सही केली. मामांनी महेश्वरीला बाजूला घेतलं. "तू तरी न्हाय म्हण."

ती हेडफोन गळ्यात अडकवत म्हणाली, "अप्पा म्हणतात, मग दुसरा पायलट ठेवतो. मामा, त्यापेक्षा मीच बरी ना? मला निदान ठाऊक तरी आहे."

ती उडाली. नीट गेली, नीट परत आली. दोन दिवसांनी पुन्हा. जूनपर्यंत अकरा वेळा, आणि अकराही वेळा आवाज खणखणीत. शरणबसप्पा भेटेल त्याला सांगू लागले, आठ लाख वाचले म्हणून.

पत्राची पोच आली होती. तपासणी पुढच्या महिन्यात. मामा बागेतून रोज आभाळाकडं बघत. अकरा वेळांतून एकदा जरी तो रेडिओ मुका झाला असता, तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटे. आणि असं वाटल्याची भीती वाटे. बाराव्या खेपेला शरणबसप्पा बायकोला, प्रेमाबाईंना, सोबत घेऊन महेश्वरीच्या विमानात बसले. विमान ऊन तापायच्या वेळेलाच सुटलं.